पूर्ण वाक्यातला राग

माझ्या साडूंइतका रागीट माणूस तापीच्या दोन्ही काठांवर मिळून दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने कृपा करून सायकलला हात लावू नये. लावला तर त्याच्या साडूचे काय हाल होतात, ते मला विचारा. कारण या गृहस्थांनी पन्नाशीत सायकल घेतली आणि माझे सगळे रविवार नासवले, हे मी आजही चिडूनच लिहितो आहे.

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे अमळनेरकडचे, पण उभा जन्म सुरतेत, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगांवर देखरेख करण्यात गेला. राग आला की उठून चालू पडायचं, ही त्यांची जन्माची खोड. नोकऱ्या त्यांनी अशाच सोडल्या, सोसायटीचं सेक्रेटरीपद भर सभेत सोडलं, आणि एकदा तर न्हाव्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला मान वळवली म्हणून अर्ध्या दाढीनिशी खुर्चीवरून उठले आणि तसेच मिलमध्ये कामाला गेले. माझ्या लग्नात वाढप्याने त्यांना ओलांडून पुढच्या पानावर जिलेबी वाढली. हे पंगतीतून उठले. आमचे सासरे हात जोडत मंडपाबाहेरपर्यंत त्यांच्या मागे धावले. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये साडूंचा एकच फोटो आहे आणि त्यात त्यांची पाठ आहे. या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट कधी अर्धी टाकली नाही, ती म्हणजे रागाचं वाक्य. ते ‘मुळात’पासून सुरू व्हायचं आणि ‘आणि म्हणूनच’वरून फिरून शेवटाला पोचेपर्यंत समोरच्याने हलायचं नाही.

अशा माणसाला कुणीतरी ट्रायथलॉनचं वेड लावलं. आधी पोहायचं, मग मैलोन्‌मैल सायकल मारायची आणि खाली उतरून वर पळायचं. इथल्या सायकल क्लबची मंडळी दरवर्षी अशी एक शर्यत भरवतात. पोहणं तलावात, सायकल ओलपाडच्या रस्त्यावर जाऊन-येऊन फेऱ्या मारत, आणि पळणं तापीच्या काठाने. साडू दोनदा उतरले. कुणी पुढे गेलेलं त्यांना जिन्यातसुद्धा खपत नाही, तिथे सायकलवर काय खपणार! दोन्ही वेळा ते जीव तोडून सायकल हाकत गेले, दोन्ही वेळा पळायची पाळी आल्यावर पाय संपले, आणि दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेला बसून शेवटी रिक्षाने घरी आले. दुसऱ्या खेपेला त्यांची मुलगी म्हणाली, “बाबा, जाऊ द्या ना, तुम्ही तसंही सगळं अर्ध्यातूनच सोडता.” यावर ते रागावले नाहीत. खाली मान घालून जेवले. माझी मेव्हणी घाबरून आम्हाला फोन करती झाली.

दुसऱ्या दिवशी साडू माझ्याकडे आले. “साडूभाऊ,” ते म्हणाले, “या वेळी उठून यायचं नाही. पण मला तुम्ही लागणार.” तिथेच मी नाही म्हणायला हवं होतं.

भानगड अशी होती. क्लबमधल्या शिकवणाऱ्या मुलीने त्यांना सांगितलं होतं की सायकलवर दम राखायचा. पेडल मारता मारता पूर्ण वाक्य बोलता आलं, तर वेग बरोबर. वाक्य तुटायला लागलं, तर तुम्ही पळायसाठी ठेवलेले पाय आत्ताच खर्च करताय. तिने नाडीचे ठोके मोजणारं, मनगटाला बांधायचं घड्याळही सुचवलं होतं. पण ते मधे मधे टुंई करून बोलणं तोडतं म्हणून साडूंनी ते बायकोला देऊन टाकलं. आता पूर्ण वाक्य बोलायचं तर साडूंना एकाच प्रकारचं येत होतं. आणि ते बोलायला समोर माणूस हवा. म्हणून होळीपासून दर रविवारी पहाटे मी स्कूटरवर आणि ते सायकलवर असे आम्ही चलथाणच्या रस्त्याने निघायचो आणि ते मला सलग रागवायचे. माझी नोकरी, माझं पोट, मी भाजी निवडतो ती पद्धत, काही सुटलं नाही. शुद्ध मराठीत रागवत होते तोवर वेग ठीक. कुणी पुढे गेलं की ते त्याच्या मागे लागायचे आणि राग हिंदीवर यायचा. अगदी दम तुटला की घरची अहिराणी. एकदा उसाचा ट्रॅक्टर आम्हाला घासून पुढे गेला, तेव्हा त्यांनी असा जोर लावला की तोंडातून “मांगे ऱ्हाय! मांगे ऱ्हाय!” एवढंच निघालं. अशा वेळी मी ओरडायचं, “भाषा!” मग ते माझ्यावर उखडायचे, पण सावकाश, मराठीत, ‘मुळात’पासून. वेग आपोआप ताळ्यावर यायचा. मी बँकेत काम करणारा, कुणाच्या अध्यात न मध्यात असलेला माणूस. मी हे ऐकून घेत होतो, याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा.

शर्यतीच्या दिवशी कळलं की स्पर्धकाच्या बाजूने कुणालाही गाडी चालवता येत नाही. मला वळणावरच्या टेबलाशी पाणी आणि केळी वाटायला उभं केलं. पहिल्या फेरीला साडू आले ते तोंड मिटून, चेहरा लालबुंद, वेळेच्या फार आधी. रागवायला बाजूला कुणी नव्हतं. दुसऱ्या फेरीला एक पोरगा “काका, साइड आपो!” म्हणत त्यांच्या पुढे निघाला आणि हे वाकून त्याच्या मागे लागले. मला डोळ्यांपुढे पुन्हा ती रिक्षा दिसली, आत बसलेले ते, आणि दारात उभी त्यांची मुलगी. माझं डोकंच फिरलं.

“अहो!” मी ओरडलो. “होळीपासून तुमच्यापायी माझे रविवार गेले, पाठ गेली, कान गेले, आणि एवढं होऊन तुम्ही त्या पोराच्या नादाने पुन्हा रिक्षातून येणार असाल, तर आमच्या घराची पायरी चढू नका!”

आयुष्यात मी कुणावर इतका ओरडलो नव्हतो. शेजारच्या बाईंच्या हातातलं केळं खाली पडलं. साडू वळताना माझ्याकडे बघत राहिले, तोंड उघडलं, आणि निघून गेले.

पुढच्या फेरीला ते उशिरा आले. उशिरा! वाटभर उत्तर जुळवत आले होते. वळणाशी सायकल हळू करून, एकाही शब्दाला धाप न लागता म्हणाले, “कान गेले म्हणता, पण त्या कानांचा तुम्ही आजवर काही उपयोग केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही!”

“झगडो छे के शुं?” बाईंनी विचारलं.

“ना बेन, प्रॅक्टिस छे,” मी म्हणालो, पण नव्हती. मी खरोखर पेटलो होतो. त्या फेरीला मी अल्बम काढला. “माझ्या लग्नाच्या फोटोत तुमची पाठ आहे!” पुढच्या फेरीला उत्तर आलं, “मुळात जिलेबी मला ओलांडून गेली, हे आपल्या सासऱ्यांनी अजून मान्य केलेलं नाही!” असे आम्ही फेरीला एक वाक्य याप्रमाणे सगळी सायकल भांडत काढली. तरणी पोरं एकेक करून त्यांच्या पुढे जात होती आणि यांचं लक्षच नव्हतं.

शेवटच्या फेरीला माझ्याकडचा राग संपला होता. मी नुसतं पाणी पुढे केलं. ते घेऊन साडू म्हणाले, “साडूभाऊ, तुम्ही नसता ना, तर मी...” आणि वळले. दम भरपूर होता, ते मला दिसत होतं. पण पुढचं काही आलं नाही.

पळणं त्यांनी बरंचसं चालत, शेवटी लंगडत, मुदत संपायच्या थोडं आधी पुरं केलं. कुठे बसले नाहीत. मुलगी आली होती. तिने त्यांच्या हातात चपला दिल्या आणि मग दुसरीकडे तोंड करून रडली.

ते अर्धं वाक्य मी नंतर बऱ्याचदा विचारून पाहिलं. “कोणतं वाक्य? चहा घ्या,” म्हणतात. हल्ली पंगत उठेपर्यंत बसतात. रविवारी आम्ही अजून निघतो. पण आता ते पूर्ण वाक्यात माझ्या गुडघ्याची चौकशी करतात आणि ते मला अजिबात सहन होत नाही. परवा चलथाणच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर असाच घासून गेला. मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, “जाऊ द्या, त्यालाही पोचायचं असेल.” मला इतका संताप आला की मी स्कूटर पिळून ट्रॅक्टरच्या मागे सुटलो आणि तोंडाला येईल ते हिंदीत ओरडत राहिलो. दम लागून थांबलो, तोवर साडू आपल्या चालीने मागून येऊन पोचले.

“भाषा,” ते हळूच म्हणाले.

मी स्कूटर वळवून त्यांच्या बाजूला घेतली. आता तिथेच ठेवतो. न जाणो, त्या वाक्याचा उरलेला भाग एखाद्या रविवारी येईल.