पुन्हा वॉर्डात

मुलं मोठी झाली, तशी मी पुन्हा नर्सची नोकरी शोधायला लागले. शिक्षण नागपूरचं, बरीच वर्षं नोकरीही तिथलीच. लग्नानंतर भिलाईला आले आणि घरात रमले. नवरा स्टील प्लांटमध्ये.

दुर्गमधल्या एका खासगी दवाखान्यात मुलाखत चांगली झाली. पण तिथल्या मेट्रनबाई म्हणाल्या, तुमची नोंदणी महाराष्ट्राची आहे, आधी छत्तीसगढच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये करून घ्या. माझ्या जुन्या कॉलेजात आणि दवाखान्यात त्या स्वतः चौकशी करणार होत्या. शिवाय सुरुवातीला दुसऱ्या नर्सच्या देखरेखीखाली काम. इकडे कुम्हारीचं एक नर्सिंग होम मला काहीही न विचारता उद्यापासून ये म्हणत होतं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, मी कुम्हारीलाच जाते. इतकी वर्षं काम केलं आणि आता माझीच तपासणी! बोलताना डोळे भरून आले.

सासूबाईंनी निवडायची भाजी बाजूला ठेवली आणि पदर सारून दंडावरचा खड्डा दाखवला. तरुणपणी गावात इंजेक्शन पिकलं होतं, एवढंच मला माहीत होतं. देणारा कुठं शिकला, हे कुणी विचारलंच नव्हतं, हे त्या दिवशी कळलं.

"त्याले कोणी इच्चारलं असतं, तं माहा हात पिकला नसता," त्या म्हणाल्या. "तुले इच्चारून राहिले, तं राग कावून येते तुले?"

मी थांबायचं ठरवलं. कौन्सिलच्या कागदांसाठी रायपूरला खेटे झाले, शेवटी नोंदणी झाली. एके दुपारी मेट्रनबाईंचा फोन आला, कॉलेजचं उत्तर आलंय, तिथले लोक तुम्हाला अजून ओळखतात.

मला ज्या नर्सच्या हाताखाली दिलं, ती माझ्याहून बरीच लहान होती. मी सलाईनचे थेंब घड्याळ लावून मोजलेले, तिथं त्याचं यंत्र होतं. बटणांपुढं माझा हात थबकला. तिनं ते माझ्यासाठी करून टाकलं नाही.

"दीदी, आप कीजिए, मैं देख रही हूँ," म्हणत शेजारी उभी राहिली. पुढं एका म्हाताऱ्या बाईची बारीक शीर मला पटकन सापडली, तेव्हा तिनंही ती कशी शोधली ते विचारून घेतलं.

मग एका सकाळी मेट्रनबाईंनी वॉर्ड माझ्या एकटीच्या हाती सोपवला. पहिल्याच खाटेवरच्या काकांनी हिंदीत विचारलं, नवीन आहात का?

म्हटलं, हो, पण सगळं तपासून घेतलंय माझं.

"तब ठीक है," म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.