देवाशी भांडण

"वाहक? मंग टिकट कोन फाडते जी?"

मंगरूभाऊंनी विचारलं आणि शाळेची अख्खी पडवी हसली. माझ्या हातातल्या पत्रकावर ठळक अक्षरात छापलं होतं: 'आपण सिकलसेलचे वाहक आहात का?' ते पत्रक मीच लिहिलं होतं, सहा वेळा खोडून. आणि एसटीत कंडक्टरच्या सीटवर हाच शब्द लिहिलेला असतो, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

मी ऊर्जानगरची. लॅब टेक्निशियन आहे. आमच्या चर्चची मिशन टीम एटापल्लीच्या पलीकडच्या गावांत रक्ततपासणीला गेली होती. सिकलसेलमध्ये रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. दोष आईवडिलांकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक. त्याला सहसा त्रास नसतो. दोघांकडून आला तर आजार.

"पोरी, कागद ठेव खाली," मार्था सिस्टर म्हणाल्या. त्या आमच्या सीनियर नर्स. "नळी दाखव त्याइले."

मंगरूभाऊंच्या रक्ताचा थेंब सोल्यूशनमध्ये टाकला. नळीमागं रेघांचा कागद धरतात. द्रव स्वच्छ राहून रेघा दिसल्या तर ठीक, गढूळ होऊन झाकल्या तर दोष. दिसल्या नाहीत. त्यांच्या बायकोच्या, रैजाबाईंच्या, नळीतूनही दिसल्या नाहीत. दोघांत दोष होता.

"घरी कोणी आजारी आहे?"

हसू थांबलं. "पोरगी हाये," रैजाबाई म्हणाल्या. "तीन दिवस झाले, छाती दुखते म्हंते."

आम्ही त्यांच्या घरी गेलो. जानो सतरा वर्षांची. डोळे पिवळे, अंगात ताप, श्वास उथळ. लहानपणापासून हातपाय दुखायचे, आणि घरचे म्हणायचे, कामचोर आहे. सतरा वर्षांत एकदाही कुणी तिचं रक्त तपासलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. आम्ही पत्रकं छापत बसतो, आणि इथं पोर कामचोर ठरते!

सिस्टरांनी सलाइन लावलं. "आजार छातीत उतरलाय. आत्ताच्या आत्ता दवाखाना."

मंगरूभाऊ दारात आडवे उभे राहिले. "नाई. माही बहीन गेली होती दवाखान्यात. आली नाई."

"इथं ठेवलीत तर जानो पण राहणार नाही!" मी ओरडले.

ते शांतपणे म्हणाले, "तुमी प्रार्थनावाले ना? तुमच्या देवाले विचारून पाहा. मंग नेतो."

आमच्या टीमचा नियम आहे: कुणी स्वतः मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. दवाखान्याच्या बदल्यात धर्म, असं कुणाला वाटायला नको. मला तो नियम फार आवडायचा. त्याच्या आडोशाला मी सुखात होते. माझी मोठी बहीण एस्तेर याच आजारानं गेली. अख्खं चर्च गुडघ्यांवर होतं, तरी गेली. तेव्हापासून मी काही मागितलं नव्हतं. पहाटेच्या उपासनेत सगळे डोळे मिटायचे, मी त्यांचे चेहरे बघायचे. पूर्वी मीही अशीच मिटायचे, एस्तेरच्या खांद्याला खांदा लावून. तो खांदा हवा होता. ते मिटणंही हवं होतं.

"पास्टर कुठे आहेत?"

"दुसऱ्या टोल्यावर, पलीकडच्या वस्तीत. माझे हात गुंतलेत," सिस्टर म्हणाल्या. "त्यानं मागितलंय. तू कर."

मी जानोच्या खाटेशी बसले. "प्रभू, हिला श्वास घेता येऊ दे." पुढचं आठवेना. मग जे आलं ते पाठ केलेलं नव्हतं. "एस्तेरच्या वेळी कुठे होतास? इतके लोक रडत होते, ऐकू आलं नाही? आता तरी ऐक. हिला ठेव. मला तिची फार आठवण येते रे." आमेन राहूनच गेलं.

मंगरूभाऊ वाकून बघत होते. "बाई, देवासंगं भांडून राह्यली का तू?"

"हो."

त्यांनी जरा विचार केला. "मंग चाल. वळखीचा दिसते तुह्या." आणि पोरीला उचलून जीपकडे निघाले.

ओळखीचा! मी इतकी वर्षं त्याला सोडून दिलं म्हणत होते. परक्या माणसाशी कोण इतकं भांडतं?

जीपमध्ये सलाइनची बाटली अडकवायला काहीच नव्हतं. दोन तास रस्त्यात खड्डे, आणि माझा हात वर. रैजाबाईंना वाटलं, प्रार्थना अशीच करतात. त्यांनीही हात वर धरला. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोघी तशाच बसलो. हात भरून आला की मनात एकच वाक्य म्हणायचे: हिला ठेव.

जानो ऑक्सिजनवर चार दिवस होती. रक्त चढवलं. पाचव्या दिवशी उठून भात मागितला. आता तिला रोज गोळी आणि जन्मभर तपासण्या. आजार गेला नाही, जाणारही नाही. माझीही एस्तेर परत आली नाही. पण सकाळी मी डोळे मिटते. बहुतेक वेळा भांडतेच.

परतल्यावर पहिलं काम केलं ते जीपच्या टपाला आतून हूक बसवून घेण्याचं. पास्टर म्हणाले, "विश्वास वाढलेला दिसतोय."

"वाढलाय," मी म्हटलं, "पण बाटली हूकनंच धरावी. हात दुसऱ्या कामाला लागतात."