उकंड्यावरून उचललेलं नाव

माझ्या धाकट्या भावाचं नाव उकंडा. तो मास्तर झाल्यावर लोक उकंडराव म्हणू लागले, पण राव लावल्यानं शेणाचा वास थोडाच जातो! आमच्या झाडीपट्टीत शेणकेराच्या ढिगाला उकंडा म्हणतात, आणि नाव सरळ तिथूनच आलं होतं.

माझ्या पाठीवरचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. तिसरा झाला तेव्हा आईनं त्याचं तोंडही धड पाहिलं नाही. बायकांनी त्याला उचलून उकंड्यावर ठेवलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण ढुंकून पाहत नाही, असा त्यामागचा विचार. शेजारची ढिवरीण तलावातली मासळी विकायची. ती सहज आल्यासारखी तिथून गेली. अर्थात तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं पोर उचललं, ‘हा माहा’ म्हणाली, उकंडा नाव ठेवलं आणि घरी नेलं. लगोलग आमच्याकडून सूपभर धानाचा कोंडा तिच्या दारात गेला आणि पोरगा ‘सांभाळायला’ म्हणून आईच्या पदरात आला.

कोंडा देऊन आणलेलं पोर आपलं म्हणायचं नसतं. म्हणून भाऊ ढिवरणीला माय म्हणायचा आणि आईला बाई, गावातलं कोणीही म्हणेल तसं. पाहुण्यांनी विचारलं तर आईही सांगायची, ‘ढिवरणीचा हाये.’ मी मात्र दिवसभर माय माय करत आईच्या मागे फिरायची. माझ्या हाकेला ओ देताना तिची नजर आधी भावाकडे जायची. ती हाक तिला त्याच्या तोंडून हवी होती, हे मला लहानपणीच कळलं होतं, आणि मला तिचा रागही यायचा.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर भावासाठी वडशाची मुलगी सांगून आली. वधुपिता धानाचे व्यापारी. घर पाहून खूश झाले, नाव ऐकून त्यांचं तोंड आंबट झालं.

“मांडवात भटजीनं हे नाव घ्याव कसं जी? पोरीले जलमभर उकंड्याची बायको म्हनतीन.”

भावानं मान खाली घातली. शाळेतली पोरं पाठीमागे काय बोलतात ते त्याला ठाऊक होतं. नाव बदलायला तो केव्हाचा तयार होता. सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

“मी कोन सांगनारी?” आई म्हणाली. “ज्याचं पोर, त्याले पुसा.”

आम्ही दोघं ढिवरणीकडे गेलो. ती अंगणात फाटकं जाळं विणत होती. भावाचं बोलणं होईपर्यंत तिनं हात थांबवला नाही.

“नाव कायले ठेवलं होतं? तू जगाव म्हनून,” ती म्हणाली. “जगला नं? मंग बदल. पन नाव गेलं का माहा हक्कबी गेला. तुह्या बाईचा कोंडा वापस कराव लागन.”

हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तिला दुसरं मूल नव्हतं, ते मात्र साऱ्या गावाला माहीत होतं. भाऊ म्हणाला, “माय, राहू दे मंग.” तिनं त्यालाच झापलं. “उकंड्यावरच बसून राह्यतं का जलमभर? जा घरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सूपभर कोंडा घेऊन आमच्या दारात आली. आईनं पदर पसरला. ढिवरणीनं कोंडा त्यात ओतला.

“घे बाई. पोरगा तुहा.”

ढिवरीण रिकामं सूप काखेत मारून निघाली. ती घराकडे न वळता तलावाकडे गेली. मला फार वाईट वाटलं, आणि आईसाठी आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी झालं, त्याला माझा इलाज नव्हता.

दुपारी भाऊ शाळेतून आला. आई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. दारातलं सगळं मी त्याला वाटेतच सांगितलं होतं. तो उंबऱ्याशी थांबला. टोपी काढली, पुन्हा घातली.

“माय,” तो म्हणाला.

आईनं वर पाहिलं नाही. सूप तसंच चालू होतं.

“ते घरी नाई बापा,” ती म्हणाली. “तलावावर गेली.”