तिसऱ्या पायाखालचा ठिपका

उंब्रजच्या धोंडिरामाला सगळं गाव ‘फुंक्या’ म्हणतं. हे नाव माझं. चाळीस वर्षांपूर्वी सलूनच्या बाकावर बसून ठेवलेलं. मी ठेवलेलं नाव माणसाला सरणापर्यंत सोडत नाही, असा माझा लौकिक आहे.

कारण एवढंच, की धोंडिराम म्हणायचा, मी काच फुंकायचो. तरुणपणी तो सांगलीकडच्या एका काच कारखान्यात होता, हे खरं. कारखान्याचं नाव सांगत नाही. मालकांची नातवंडं अजून मला लग्नाला बोलावतात. पण तिथल्या वहीत धोंडिराम होता ‘कोळसा हमाल’, आणि कारखाना बंद पडला तेव्हा दाखलाही तसाच मिळाला. मग हा फुंकला कधी? त्याची बायको बाळाबाईसुद्धा चारचौघींत सांगायची, की आमच्या मालकांनी कधी चूल फुंकली नाही, काच कुठली फुंकतात. बायका पदरात तोंड घालून हसायच्या आणि मी तेच वाक्य पारावर नेऊन विकायचो.

धोंडिरामाचं म्हणणं असं. काच फुंकायला लोखंडी नळी असते. एका टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्याला तोंड लावायचं. पाळीत माणसं चार, नळी एक. धोंडिरामाच्या घरानं छप्पन सालीच बुद्धाची वाट धरली होती, पण त्याच नळीला तोंडं लावणाऱ्यांना त्यानं फरक पडला नव्हता. मुकादम नानासोनं त्याला फार गोडीनं समजावलं की कोळशाशिवाय भट्टी पेटत नाही, तेव्हा तुझंच काम मोठं. फिरोजाबादहून आलेला म्हातारा उस्ताद तेवढा म्हणाला, आपली नळी घेऊन ये. धोंडिरामानं पंपाची जुनी नळी कापून आणली आणि जेवणाच्या सुट्टीत, बाकीचे भाकरी सोडून बसले की, तो शिकला.

हे सगळं तो सांगायचा आणि आम्ही माना डोलवायचो. पोरंसुद्धा डोळे मिचकवायची. माणूस पुरावा मागितल्यासारखं करतो आणि ऐकत नाही, तसं.

शहाण्णव साली मी सांगलीला लालासाहेबांच्या हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. लालासाहेबांच्या देवघरात एक बरणी होती. घुमटासारखी, तीन बुटके पाय, वर काचेचं बूच. तळ आत ढकललेला आणि मधोमध भोक. भोकाच्या भोवती आतून पन्हळ, त्यात गंगाजल भरलेलं. खाली पायांच्या मधे निरांजन ठेवलं की ज्योतीचा उजेड त्या पाण्यातून भिंतीवर हलायचा. बघणारा आपोआप हात जोडायचा. पुण्याहून जुन्या वस्तूंचा एक जाणकार आला होता. तो दोनदा पोहे खाऊन ‘दीपपात्र, बेल्जमचं’ असं सांगून गेला. लालासाहेब म्हणायचे, आजोबांना एका संस्थानिकानं दिलं. त्यांच्या वडिलांचं इस्लामपुरात मिठाईचं दुकान होतं, हे मला आठवायचं. त्यांना आठवत नसे. बूच काढून पळीनं तीर्थ द्यायचे, तेव्हा मीही भक्तिभावानं हात पुढं करायचो.

सुट्टीत उंब्रजला गेलो तेव्हा गंमत म्हणून धोंडिरामाला ती बरणी वर्णन करून सांगितली. त्यानं विडी खाली ठेवली.

“ती माशा धरायची बरणी हाय,” तो म्हणाला. “खाली साखर ठेवायची. माशी भोकातनं वर येती, उजेडाकडं जाती, परत भोक घावत न्हाई. पन्हाळीतल्या पाण्यात मरती. इस्लामपूरच्या मिठाईवाल्याची डझनाची मागणी हुती. तळ आत वळवायला कुणालाच जमंना. मी वळवलं. नाव नानासोचं लागलं.”

मला धोंडिरामाचं काही पडलं नव्हतं. मला लालासाहेबांचं तोंड बघायचं होतं. म्हणून त्याला धुतलेला सदरा घालायला लावून मी सांगलीला घेऊन गेलो.

तो देवघराच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. हात न लावता, वाकून, बराच वेळ बघितलं. काचेतले बुडबुडे एका बाजूला ओढलेत, म्हणाला, कारण नळी फिरवताना हात भाजला होता. मग म्हणाला, की मालक, माझी सही म्हणून सोड्याच्या फुटक्या बाटलीचा एक थेंब तिसऱ्या पायाखाली लावला होता. हिरवा. बघा असंल तर.

लालासाहेबांनी बरणी उचलून उलटी धरली. गंगाजल धोतरावर सांडलं. तिसऱ्या पायाखाली मुगाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका होता.

मी मिशीत हसायची तयारी केली होती. पण लालासाहेबांनी मिठाईचा विषयच काढला नाही. त्यांनी विचारलं, “म्हणजे ही फुंकली तूच? तोंडानं?”

“व्हय मालक. दुसरं कशानं फुंकत्यात?”

लालासाहेब म्हणाले, कलाकार आहेस. चहा पाजला. देवघरात बसलेली त्यांची सून हातातली पळी ठेवून आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

उंब्रजला जाऊन धोंडिरामानं बाळाबाईला सांगितलं, की माझी बरणी सांगलीत देवापुढं आहे. तिनं खोटं म्हणायच्या आधीच तो म्हणाला, चल दाखवतो. आठ दिवसांनी दोघं आली. बाळाबाई लग्नाकार्याचं लुगडं नेसली होती. बरणीचं काय झालं ते मला माहीत होतं, तरी मी त्यांना पेढीवरूनच परत लावून दिलं नाही. हे माझं पाप.

देवघरात पितळी समई होती. फरशी धुतलेली. लालासाहेब म्हणाले, घरात लेकरं, काचेची भीती वाटते. बरणी कुठं आहे विचारलं तर त्यांनी गुळाच्या गोदामाकडं हात केला.

गोदामाच्या खिडकीत ती होती. खाली गुळाचा खडा, आत पाणी, पाण्यात माशांचा काळा थर.

बाळाबाई खिडकीशी वाकली. मग म्हणाली, “आवं, तुमीच केलीया. दुसऱ्यानं केली असती तर देवापुढनं काढली नसती.”

तीस वर्षांत तिनं पहिल्यांदा मान्य केलं. धोंडिराम गोदामातल्या हमालाला तेवढं म्हणाला, की पाण्यात साबण घाला, नुसत्या पाण्यात माशी लवकर मरत न्हाई.

एस्टी स्टँडवर बाळाबाई पुढं जाऊन बसली, तेव्हा तो माझ्याकडं वळला.

“गड्या,” तो म्हणाला, “मला फुंक्या म्हणत हुतास, त्येच बरं हुतं.”

मी त्यानंतर त्याला त्या नावानं हाक मारली नाही. गावात बाकीचे सगळे मारतात.