सर्व्हरभाऊंची दिवाळीची सफाई

सर्व्हरभाऊंना पसारा म्हणून सहन होत नसे. दिवाळी जवळ आली की वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या आमच्या छोट्याशा संस्थेत पहिला झाडू त्यांच्या खोलीत फिरायचा, आणि तोही त्यांच्याच हातात. सर्व्हरचं कपाट कोरड्या फडक्यानं पुसून झालं की ते बाह्या सावरून संगणकासमोर बसत. "बाहीरचं झालं, आता अंदरचं," असं म्हणत जुन्या फाइली काढून टाकायला घेत. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

आमची संस्था म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून जुन्या बियाण्यांची माहिती रेकॉर्ड करून ठेवी. कॉलेजची पोरं गावोगाव जाऊन रेकॉर्डिंग आणत, भाऊ ती सांभाळत, मी पत्रव्यवहार बघे. दोन हजारचं दशक सरत आलं होतं आणि व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच संगणकात चार संगणक चालवायचे, हा प्रकार आमच्याकडे नवाच होता. तो माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा भाऊंनी चहा बाजूला ठेवला. "घर एक, बिऱ्हाडं चार. अन् एकेका बिऱ्हाडाचा सारा संसार एकाच मोठ्या फाइलीत. थे फाइल गेली का बिऱ्हाड उठलं." सांगताना चेहरा असा, की चारही बिऱ्हाडांचं भाडं यांनाच मिळतंय.

दुसरी खोड म्हणजे चूक अंगावर घेण्याची हौस. चहात साखर जास्त पडली तरी "माह्याच हातून झालं" म्हणायचे. उन्हाळ्यात वर्धा तापलं की आता भाऊ माफी मागणार, अशी आम्ही थट्टा करायचो. त्या थट्टेची आता लाज वाटते.

एकदा गिरडहून एक ताई आल्या. त्यांचे वडील भाजीपाला पिकवत. वांग्याचं बी कसं धरायचं, ते त्यांनी आमच्या पोरांना सांगितलं होतं. ते वारले होते. "घरी फोटो आहे, पण आवाज नाई. माह्या पोराले बाबाचा आवाज ऐकवाचा आहे," ताई म्हणाल्या. भाऊंनी मोठ्या उत्साहानं सर्व्हरवरचं गिरडच्या रेकॉर्डिंगचं बिऱ्हाड सुरू केलं. पडद्यावर आलं, डिस्कची फाइल, म्हणजे त्या बिऱ्हाडाचा सारा संसार, सापडत नाही. "पाहून कळवतो, ताई," एवढंच ते बोलले.

फाइल कुठे गेली, हे त्यांनीच शोधून काढलं. जागा अपुरी पडली म्हणून त्यांनी ती 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये हलवली होती आणि दिवाळीच्या सफाईत ते फोल्डरच रिकामं केलं होतं. ते व्हर्च्युअल मशीन एरवी बंदच असे, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. बॅकअप मात्र दर आठवड्याला अडत होता, तसा मेसेजही येत होता. बंद मशीन उगाच कुरकुरतंय असं समजून भाऊंनी तो मेसेजच बंद करून टाकला. आधीच्या चांगल्या प्रती मुदत संपताच आपोआप पुसल्या गेल्या. पोरांच्या रेकॉर्डरमध्ये केव्हाच दुसऱ्या गावचं काही भरलं होतं. पुसलेल्या फाइली परत काढणाऱ्या नागपूरच्या जाणकारानंही हात टेकले.

भाऊंचं जेवण तुटलं. मला बघवेना. मी म्हणालो, "भाऊ, डिस्क जळाली असं पत्र टाकून देतो."

"डिस्कनं काय घोडं मारलं आपलं?" ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं गिरडला निघाले. मीही गेलो. पत्राचं सुचवलं म्हणून वाटभर मान वर करवत नव्हती.

ताई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. समोर आलेल्या पाण्याला भाऊंनी हात लावला नाही. "ताई, तुमच्या बाबाचा आवाज पुसल्या गेला. मशीननं नाई, म्या पुसला."

ताईंनी हातातली जुडी बांधून दुसरी घेतली. मग म्हणाल्या, "तुमी तं ऐकला असन ना? काय म्हने बाबा? तुमीच सांगा."

भाऊ म्हणाले, "फाइल उघडते का नाई, एवढंच पाहो मी. सुरवातीचं जराकसं ऐकलं."

"थेच सांगा."

"खोकलले. मंग आमच्या रेकॉर्डिंगवाल्या पोराले इचारलं, सुरू झालं का? बोलू का आता?"

ताईंचे हात थांबले. त्या ओल्या डोळ्यांनी हसल्या. "असेच होते बाबा. इचारल्याबिगर बोलत नव्हते. अन् मंग?"

"मंग," भाऊ म्हणाले, "म्या बंद केलं."