मेस्त्रींची पाच बोटं

मेस्त्री कोणतीही नवी वस्तू दुकानातून आणली तशी कधीच वापरत नसत. नवी छत्री आली की तिची मूठ कापून दुसरी बसवत. नव्या चपलेचा अंगठा उसवून पुन्हा शिवत. कुकरच्या दांड्याला स्वतः घडवलेली लाकडी पकड लावत. चांगली वस्तू कशाला बिघडवता असं कुणी विचारलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "कंपनीक आमच्या घरचा काय म्हायत?" देवगड तालुक्यातून ते विशीत बहारिनला आले आणि तीस वर्षांहून जास्त काळ सित्रातल्या एका गॅरेजात इंजिनं उघडत राहिले. एवढ्या वर्षांत फक्त बोली तेवढी त्यांनी आणली तशी वापरली.

अशा माणसाच्या हाती एक अमेरिकन गाडी लागली, आणि तीही अशी, की जिला हात लावताना भलेभले कचरतात. दोन दरवाजे, लांबलचक बॉनेट, त्याखाली व्ही-एट इंजिन, पांढऱ्या रंगावर दोन निळे पट्टे. माझ्या जन्माच्याही आधीची. कंपनीने अशा मोजक्याच गाड्या काढल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डॅशबोर्डवर तिचा नंबर कोरलेली छोटी पट्टी होती. मेस्त्रींच्या गाडीचा नंबर दोनशे बारा. गॅरेजच्या म्हाताऱ्या अरबाबने, म्हणजे मालकाने, तरुणपणी हौसेने घेतलेली ही गाडी इंजिन जाम होऊन गॅरेजमागे धूळ खात पडली होती. कारभार मुलांकडे सोपवताना त्याने किल्ली मेस्त्रींच्या हातात ठेवली आणि सांगितलं, तू हिला उठवलंस तर ती तुझी. मेस्त्रींनी दोन वर्षांचे शुक्रवार घालवून तिला उठवलं. नुसतं उठवून थांबले असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

मी बहारिनमध्येच, सीफ भागातल्या एका इन्शुरन्स ऑफिसात गाड्यांची पाहणी करते. मूळची वसईची, ख्रिस्ती, नियमाला पक्की, आणि खरं सांगायचं तर तेव्हा जरा शिष्टच होते. जुन्या दुर्मीळ गाड्यांसाठी आमची एक खास पॉलिसी होती, तिच्यासाठी मेस्त्रींनी अर्ज केला म्हणून मी सित्राला गेले. अट एकच होती: गाडी मूळ रूपात हवी. मी बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. रेडिएटर ट्रकचा होता, एसी जपानी पिकअपचा, ब्रेक भलत्याच गाडीचे आणि गिअरची मूठ फणसाच्या लाकडाची. मूळ सीट कुठे आहे म्हणून विचारलं, तर खोलीवर, तिच्यावर बसून आपण चहा पितो असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. मी फॉर्मवर ठसठशीत अक्षरांत 'मॉडिफाइड' लिहिलं आणि पॉलिसी मिळणार नाही म्हणाले.

मेस्त्री चिडले नाहीत. कपड्याला हात पुसत म्हणाले, "बाय, माझ्या गुडघ्यात स्टील आसा, तोंडात कवळी आसा, काळजात डॉक्टरान दोन स्प्रिंगी घातल्यान. मगे मी कोण? दुसरोच कोणतरी झालंय?" मी फॉर्म त्यांच्यापुढे सहीला धरला.

निघताना मला बॉनेटवर पाच लालसर रेघा दिसल्या. हे काय, म्हणून विचारलं. गाडी पहिल्यांदा सुरू झाली ते दिवस दसऱ्याचे होते. आमच्याकडचे कोकणातले लोक दसऱ्याला हत्यारं पुजतात, गाडीला झेंडूचा हार घालून कुंकवाची बोटं ओढतात. मेस्त्रींनी आनंदाच्या भरात पाण्याऐवजी खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि पूजा आठवडाभर मोडली नाही. सित्राच्या उन्हात ते तेल रंगात मुरलं. मूळ रंग, कंपनीच्या हातचा, आणि त्यावर कायमची पाच बोटं. "घट्ट बसाक व्हया म्हणान तेल घातलंय," ते म्हणाले. "बसला."

पुढे माझ्या साध्या गाडीचा एसी बंद पडला तेव्हा मी मुकाट्याने त्यांच्याकडेच गेले. त्यांनी अर्ज नाकारल्याचा विषय काढला नाही. एसी दुरुस्त केला आणि वर माझ्या आरशाचा कोन बदलून ठेवला, न विचारता. त्यानंतर माझी गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती गेली नाही, आणि मीही त्यांना मेस्त्रीकाका म्हणू लागले.

एका हिवाळ्यात सीफच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. मेस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून दोनशे बारा घेऊन आले. आयोजकाने पाहणी केली आणि गाडी कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी लावायला सांगितली. मधली रांग मूळ रूपातल्या गाड्यांची होती. मी बाजूला उभी राहून मनात म्हटलं, नियम तर नियमच आहे. मेस्त्रींनी गाडी सरळ मधल्या रांगेत नेऊन उभी केली. "त्यो सगळ्यो ट्रकात बसान इल्यो," ते मला ऐकू जाईल असं म्हणाले. "माझी रस्त्यान इली. गाडी चलवूक असता, बगूक नाय." खरंच, त्या रांगेतल्या बहुतेक गाड्या ट्रकवरून उतरवल्या होत्या. दुपारपर्यंत सगळ्यात जास्त पोरं दोनशे बाराच्या भोवती होती, कारण आपल्या गाडीत बसू देणारे मेस्त्री एकटेच होते.

तिथेच एका बहारिनी गृहस्थांना ती आवडली. दुर्मीळ गाड्या जमवणारे, अदबशीर, सावकाश बोलणारे. मेस्त्रींचा व्हिसा संपत आला, पुन्हा मिळणार नाही हे ठरलं, तेव्हा ते गृहस्थ स्वतः गॅरेजवर आले. "मेस्त्री, नया सब निकालो, पुराना लगाओ, ये लाल भी निकालो," ते गल्फच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले. "फिर मैं लेगा. बच्चे का माफिक रखेगा."

"बाबा, फिर वो गाडी मफी, नहीं रहेगा," मेस्त्री म्हणाले. "खलास."

ते गेल्यावर मी मेस्त्रींशी भांडले. नियमांमुळे गाडी भारतात नेता येणार नव्हती. इथे कुणाच्या दारात सोडली तर गंजून मरणार होती. "काका, हट्ट सोडा," मी म्हणाले, "काढून टाका ते सगळं. गाडी तरी वाचेल."

"वाचतली," ते म्हणाले. "पण माझ्या हातान केलेला सगळा भंगारात जातला. तीस वर्सा मी हय काय केलंय, ता मगे खंय दिसतला?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. ते बराच वेळ गिअरची ती फणसाची मूठ पुसत बसले आणि मग वर न बघता म्हणाले, "तू चलवशीत?"

मी तोवर फक्त ऑटोमॅटिक चालवली होती. शिवाय माझी उंची पाच फुटांच्या आतबाहेर, त्या बॉनेटपलीकडचं मला काही दिसेना. पुढच्या शुक्रवारी गेले तर सीटखाली चार लाकडी ठोकळे बसवलेले होते आणि क्लचचं पेडल दोन इंच माझ्याकडे सरकलं होतं. मी बसले. रस्ता दिसला, पाय पोचला. मेस्त्री दाराशी वाकून बघत होते. "कंपनीक काय म्हायत," ते म्हणाले, "वसईचा बायलमाणूस बसतला म्हणान!" मी हसले, आणि मग मला रडू आलं. चार शुक्रवार सित्राच्या रिकाम्या रस्त्यांवर त्यांनी मला शिकवलं. गाडी बंद पडली की ते खिडकीबाहेर बघत, जणू आपल्याला काही ऐकूच आलं नाही.

विमानतळावर त्यांना मीच घेऊन गेले, दोनशे बारातून. अख्ख्या वाटेत ते इंजिन ऐकत होते. उतरताना निरोपाचं काही बोलले नाहीत. "दुसरो गिअर हलक्या हातान टाक," म्हणाले, "आणि कोणाच्या बापाक भिया नको." मग सुधारलेल्या चाकांची बॅग ओढत आत गेले.

तेव्हापासून मी अदलियातल्या माझ्या घरून सीफच्या ऑफिसला रोज त्याच गाडीने जाते. माझ्याच ऑफिसने तिला ती खास पॉलिसी दिलेली नाही. साधी आहे, तिच्यावर चालतं. मेस्त्री महिन्यातून एकदा फोन करतात, मला फोन बॉनेटवर ठेवायला लावतात आणि देवगडहून सांगतात, बेल्ट ढिलो झालो.

मागच्या दसऱ्याच्या आधी ते बहारिनी गृहस्थ पुन्हा भेटले. आपल्या ओळखीचा एक कारागीर आहे, तो ते लाल डाग एका दिवसात घालवील, नंतर बाकीचं बघू, असं त्यांनी गोडीने सुचवलं. ते वाईट माणूस नाहीत. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका राग आला.

दसऱ्याला मी मनामाच्या बाजारातून झेंडू आणि कुंकू आणलं. वसईत आईला यातलं काही कळवलं नाही, उगाच तिला पाद्रीबाबांकडे धावावं लागलं असतं. वाटीत खोबरेल तेल घेतलं, कुंकू कालवलं आणि मेस्त्रींच्या पाच जाड बोटांशेजारी माझी पाच बारीक बोटं ओढली. मग आठ दिवस गाडी उन्हात उभी ठेवली आणि ऑफिसला टॅक्सीने गेले. नवव्या दिवशी फडक्याने पुसलं. गेलं नाही.

त्या गृहस्थांनी नंतर ती दहा बोटं पाहिली. "ये किसने किया?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी हसून हात झटकले आणि पुन्हा विषय काढला नाही.

मेस्त्रींना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"तेल घातलंस?"

"घातलं."

"पुसून बगलंस?"

"बघितलं, काका. जात नाही."

पलीकडे त्यांनी फोटोतली बोटं मोठ्याने मोजली, एकापासून दहापर्यंत.

"मगे बसला," मेस्त्री म्हणाले.