म्हैस कुठवर आली?

शेअरच्या दुकानात नफा टिको न टिको, किस्से मात्र पडून राहतात. त्यांना गिऱ्हाईकच न्हाई ना! दोन हजार सालच्या आगंमागं मी कळमनुरीला सबब्रोकर होतो. तवाचा हा शिल्लक माल.

*

कुरुंद्याच्या शेषरावनं म्हैस विकून एका कॉम्प्युटर-चिप पॅकेजिंग कंपनीचे शेअर घेतले. म्हैस बायकोच्या माहेरची, आन् बायकोला विचारलंच न्हाई! लगेच जगभर चिपवाल्यांची मंदी आली, भाव आपटला. कौसल्यावहिनीनं सांगून टाकलं, "म्हैस दावणीला येईस्तोवर मी बोलायची न्हाई!" आन् खरंच अबोला धरला. शेषराव पार सुकून गेला.

तवापासून भाव रुपयात कुणी विचारीना. "म्हैस कुठवर आली?" एवढंच. मी म्हणायचो, "नुसती शेपूट दिसून राहिली!"

*

एकदा नांदेडहून एक साहेब आले, कंपन्यांचा अभ्यास सांगायला. म्हणाले, "सेमीकंडक्टर उद्योग सावरतोय."

तांड्यावरचे रामजी राठोड मागून बोलले, "सायेब, आमच्या एस्टीला पुरा कंडक्टर हाय, तरी गाडी टायमावर न्हाई. अर्ध्या कंडक्टरचं काय खरं?"

साहेबांनी चहा मागवला.

*

चहा पिऊन साहेब पुन्हा लागले. चिप दुसरेच बनवतात, शेषरावची कंपनी ती कवचात बसवून, तपासून देते.

"म्हंजी बारदाना!" राठोड उठूनच उभे राहिले. "हळद कुणाची बी पिको, पोतं लागतंच. बाजार उठला की बारदान्याला भाव! शेषराव, इकू नको!"

साहेब म्हणाले, "अहो, हेच मी मघापासून सांगतोय!"

*

पुढं खरंच मागणी वाढली. म्हैस दोन पायांवर आली, मग तीन. तिथंच अडली. शेषराव औंढ्याला जाऊन नागनाथाला नवस बोलला, "देवा, म्हशीचा चौथा पाय तेवढा दे!"

पुजारी काळजीनं म्हणाला, "आधी जनावराच्या डॉक्टरला दाखवा की!"

*

आन् एक दिवस पुरता भाव आला. शेषराव धावत विकायला आला. मागोमाग कौसल्यावहिनी, पयल्यांदाच दुकानात!

शेषराव तिला म्हणाला, "बघ, चारी पायांवर उभी हाय. आजच विकतो, सांजच्याला म्हैस दावणीला बांधतो."

वहिनीनं त्याच्याकडं पाहिलंच न्हाई. मला विचारलं, "भाऊजी, भाव अजून चढून राहिला का?"

"व्हय, वहिनी."

मग ती नवऱ्याकडं वळली आन् इतक्या दिवसांचा अबोला मोडून म्हणाली, "आवं, मग इकता काहून? गाभण होऊ द्या की!"